लीनाच्या आईचा व्हिसा

रविवार, २ फेब्रुवारी

आज पुन्हा लीना! इथे आखातात रविवार कामाचाच, हे सकाळीच तिला गाडीत बसवून व्हिसाच्या कचेरीत गेले. ह्यांचं कामच ते. आमच्या जाब्रियातल्या क्लिनिकचे मंदूब, म्हणजे सगळ्यांचे कागद घेऊन सरकारी खिडक्यांवर उभं राहायचं. मी तिथेच रिसेप्शनला. लीना बल्गेरियाची, फिजिओथेरपिस्ट. तिला आईला भेटीला आणायचंय. आण ना, कोण नको म्हणतंय!

पण गेल्या वर्षी माझ्या बहिणीचा, अफ्रीनचा व्हिसा नाकारला, तेव्हा हे एका फेरीत परत आले होते. "नाय बोलले. मी काय करू?" लीनासाठी ही तिसरी फेरी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

जेवताना लीनापुराण. ती म्हणे खिडकीवरच्या बाईला सरळ विचारते – का नाही? नियम दाखवा. हे सांगताना हसत होते. "लय धीट बाई आहे, खतिजा."

मी मासळीचे काटे काढत बसले. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला काय शिकवलं होतं? सलाम कर, घरच्यांची खुशाली विचार, आणि गप्प उभी राहा. मी तशीच उभी राहिले इतकी वर्षं. कौतुक मात्र तिचं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

लीना रिसेप्शनवर आली. हळूच विचारलं, त्या खिडकीवरच्या बाईंना कुठली चॉकलेटं आवडतील?

तिच्याकडे तशीच रीत. कम्युनिस्टांचं राज्य होतं तेव्हा तिची आई कचेरीत कॉफी आणि चॉकलेट घेऊन जायची. राज्य गेलं, तेव्हा लीना पहिलीत. खिडकीमागची बाई तीच राहिली, चॉकलेट फक्त परदेशी झालं. "मग आम्ही भांडायलाही शिकलो," म्हणाली. "पण भांडून झालं की डबा द्यायचा. दोन्ही लागतं."

हे त्या खिडकीवर साधा खजूरसुद्धा नेत नाहीत. तिथे असलं काही चालत नाही, मला चांगलं माहीत आहे. लीना माझ्याकडे बघत होती, आणि मला ह्यांचं ते हसणं आठवलं.

"ने की," मी म्हणाले. "मोठा डबा ने. आमच्या गफूरना सांगू नकोस, ते उगाच लाजतील."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ह्यांना सांगावं का? दोनदा तोंडाशी आलं. मग ह्यांनीच विचारलं, लीनाचा फोन आला होता का? गिळून टाकलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

हे दुपारीच घरी! लीनाने पिशवीतून डबा काढून खिडकीत ठेवला आणि आतल्या बाईने साहेबांना बोलावलं. लाच देता? लीनाला समज देऊन सोडलं, अर्ज मात्र फेटाळला. ह्यांचं मंदूबचं कार्ड काढून घेतलं.

"डबा तिचा, मग तुमचं कार्ड का?"

"मंदूबावरच येतं सगळं," एवढंच म्हणाले.

कार्ड नाही तर मंदूब कसला? क्लिनिक दुसरा माणूस बघेल. नोकरी गेली तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना गेला, मग रिग्गईतलं हे घरही नाही. भीती वाटलीच. आणि तरी, खरं लिहिते, आधी आग झाली ती दुसऱ्याच गोष्टीची. तिच्यासाठी सगळं अंगावर घेतलं! माझ्या बहिणीसाठी एक शब्द खर्च केला नव्हता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

लीना येऊन रडली. माझी माफी मागत होती. साहेबांनी तिला विचारलं होतं, तुला हे करायला कोणी सांगितलं? खोटं बोलायची तिला हिंमत झाली नाही. "गफूरची बायको" असं ती म्हणायला लागली, तेवढ्यात हे मध्ये पडले. मीच सांगितलं तिला, असं साहेबांना म्हणाले.

म्हणजे ह्यांना सोमवारपासून ठाऊक आहे. आणि दोन दिवस मला एवढंच विचारतायत – खतिजा, जेवलीस का?