कराडला ऐकू येतंय का?

बाबा,

शनिवारी खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी तुमच्या वह्या मागितल्या. त्यांना काय उत्तर द्यायचं ते मला सुचत नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहितेय. इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या ह्या इमारतीत दर आठवड्याला एकेका घरावर जिना झाडायची पाळी येते, तिला केअरवोखे म्हणतात, आणि पाळीची पाटी आपल्या दाराला लटकली की सुटका नाही. मी बादली घेऊन खाली पोचले तेव्हा आजोबा दारातच उभे होते. वय ऐंशीच्या पुढे, पण कोपऱ्यातली धूळ अजून बोट फिरवून तपासतात. त्यांच्या मागे भिंतीवर एक फोटो होता. नारळाची झाडं, आणि त्यांच्याहून कितीतरी उंच तारांचं जाळं. तुमची मुलगी असल्यामुळे मी ते लगेच ओळखलं. "शॉर्टवेव्ह?" मी विचारलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले, आणि जिना तसाच राहिला.

उमेदीची वर्षं त्यांनी एका बेटावर काढली होती. जर्मन रेडिओचा आवाज आपल्यापर्यंत येईतो विरून जायचा, म्हणून हिंदी महासागरातल्या त्या छोट्या देशात जागा घेऊन इथल्या लोकांनी प्रक्षेपण केंद्र उभारलं होतं. तो देश कुणाच्याच गटात नव्हता आणि त्याला कुणाशीच वाकडं घ्यायचं नव्हतं. "आल्झो, तर काय, आम्ही तिथे पाहुणे," आजोबा म्हणाले. "दर महिन्याला त्यांच्या सरकारचा माणूस फाइल घेऊन यायचा. इथून काय जातं, कुठवर जातं, ते ऐकून कुणी भडकतं का? त्याचं समाधान झालं नाही, तर आमचा गाशा गुंडाळलाच." मग तुम्ही त्याला काय दाखवायचात, मी विचारलं. "पत्रं. ऐकणाऱ्यांची. आमचं आम्हाला काही ऐकू यायचं नाही. लाट आमच्याच डोक्यावरून उडी मारून दूर कुठेतरी उतरायची. तिकडे भारतात कुणीतरी वही घेऊन बसलाय, एवढ्या भरवशावर आम्ही रोज केंद्र चालू करायचो."

बाबा, तो वही घेऊन बसलेला माणूस आपल्या घरात होता.

संध्याकाळचे साडेसहा. तारऑफिसातून आल्या आल्या हातपाय धुऊन तुम्ही स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसता, कारण एरियलची तार त्याच खिडकीतून आत येते. आई कुकर उचलते आणि तुम्ही न बघताच हात वर करता. कार्यक्रम संपेपर्यंत शिट्टी होता कामा नये. मग तुम्ही वहीत पाच आकडे मांडता: आवाजाचा जोर, मध्ये घुसणारी दुसरी स्टेशनं, खरखर, चढउतार आणि शेवटी एकूण. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे काहीच कळत नाही. खाली कार्बन, म्हणजे एक प्रत परदेशी आणि एक आपल्याकडे. गल्लीत तुम्हाला जर्मनीचे जावई म्हणायचे, आणि भूक लागलेली मीही त्यात सामील असायचे.

एकदा तुम्हाला ताप होता म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी पाचही ठिकाणी पाच लिहिले. परक्या देशातले लोक एवढं हिंदीतून बोलतात, त्यांना पैकीच्या पैकी द्यायला काय हरकत आहे, असं मला बारा वर्षांच्या मुलीला वाटलं. तुम्ही पांघरुणातून हात काढून वही बघितलीत. "मध्ये आवाज बुडाला होता की नाही?" "बुडाला होता. पण कार्यक्रम छान होता." "कौतुक करायला आपल्याला कुणी बसवलेलं नाही. इथे खोटं लिहिलं की तिकडचा माणूस बहिरा होतो." तुम्ही पान फाडलंत आणि तापातच मला एकेक आकडा विचारत नवीन लिहून घेतलंत. मी रागाने रडले. कराडचा एक तारमास्तर, आणि रुबाब केवढा, असं मनात म्हटल्याचं मला अजून आठवतं.

आता इथे मी गाड्यांचे ब्रेक तपासते. चाचणीच्या ड्रायव्हरने 'सगळं छान' असं लिहून दिलं की मी त्याला परत बसवून एकेक आकडा विचारते. तरीही तुमचं वाक्य मला शनिवारपर्यंत आठवलं नव्हतं. आजोबा सांगत होते, तो सरकारी माणूस पत्रं वाचायचा. बुधवारी तीन मिनिटं आवाज गेला, दुसऱ्या बातमीत गावाचं नाव चुकलं, असलंच सगळं. वाचून तो फाइल मिटायचा आणि म्हणायचा, "ही माणसं तर आमच्यासारखी आहेत, कुणाच्याच बाजूची नाहीत." की महिनाभर चिंता नाही. मी ओल्या पायरीवर बसूनच हे ऐकलं. ज्या लिहिण्यामुळे आपल्या घरचा कुकर थांबायचा, त्याच्यावर समुद्रापलीकडचं एक आख्खं केंद्र उभं होतं. मी थक्क झाले बाबा, आणि मला तुमचा फार अभिमान वाटला.

आजोबा आणि त्यांचे जुने सोबती त्या केंद्राचे कागद गोळा करताहेत. माझ्या वडिलांच्या कार्बनप्रतींच्या अकरा वह्या होत्या, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले. त्यांचे डोळे भरून आले. "आईला विचारून सांगते," मी म्हटलं. आज टपालपेटीपाशी पुन्हा भेटले, तर म्हणाले, कपाटातला एक खण रिकामा करून ठेवलाय.

आईनेच मला विचारलं होतं, बाबा. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या वर्षी, घर रंगवायला काढलं तेव्हा, फोनवर. मी फ्रँकफर्टच्या स्टेशनवर गाडी बदलत होते, घाईत होते. "ह्या वह्यांचं काय करू गं?" "रद्दीत दे." तिने पुन्हा विचारलं, "एखादी ठेवू का?" कशाला, मी म्हटलं, आणि गाडीत चढले.