गौरीची चवर

नागपूर, वैशाख

आई, पाया पडते.

मी बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

अमोलचा फोन आला. रिसॉर्टच्या हिरवळीसाठी त्याने आपला माळ जेसीबीने सपाट करून दिला. चवरीचं विचारलं तर हसला. म्हणाला, "ताई, तितं काय बी न्हवतं. नुसता करपलेला माळ."

उन्हाळ्यात चवर दिसतेच कुठे? आल्यासारखे गड्डे करून मातीखाली निजते. दर भादव्यात गौरीसाठी तिची पांढरी फुलं हाच आणायचा. याला ठाऊक नव्हतं?

तू अडवलंस का, हे विचारत नाही.

यंदा गौर आली की फुलांना त्यालाच पाठव. रिकामी परडी घेऊन परतला की तिच्यासमोर उभा कर. त्यालाच सांगू दे गौरीला, तितं काय बी न्हवतं.

वेळेवर जेवत जा.

तुझी वनिता