जागा कुणी दाखवली?

प्रिय आरती,

फोनच करणार होते, पण तू फोन उचलल्या उचलल्या "बोल पटकन" म्हणतेस आणि माझं सगळं बोलणं घशातच राहतं. म्हणून पत्र. हसू नकोस. माझं अक्षर तुझ्याच वहीवरून गिरवलेलं आहे, तेव्हा वाईट असलं तर निम्मा दोष तुझा.

बातमी आधी सांगते. गोरक्षदादाचं घर झालं. तुमच्याच अवसरी खुर्दला, आमच्या बाबांनी हयात असताना घेऊन ठेवलेल्या तुकड्यावर. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढं पडवी. मेंढरांमागं फिरणाऱ्या आमच्या बाबांच्या, बहिरू मेंढक्याच्या पोरानं स्लॅब टाकला म्हणून सगळी भावकी बघून गेली. बाबा असते तर मिशीला पीळ देत नुसते अंगणात उभे राहिले असते. आईला आम्ही वाजतगाजत आणलं. आणि काय सांगू तुला, आई घरात येतच नाही गं. वास्तुशांतीला पूजेपुरती आत आली, प्रसाद खाल्ला, आणि आपलं बोचकं उचलून अंगणात जाऊन बसली ती बसलीच. बोचक्याची गाठ सोडत नाही. त्याच्यावरच डोकं ठेवून उघड्यावर झोपते. कुंपणापलीकडं सगळा ऊस, आणि उसात बिबट्या. मागच्याच आठवड्यात त्यानं शेजारच्यांचं वासरू ओढून नेलं. दादा रोज रात्री काठी आणि बॅटरी घेऊन तिच्या उशाशी बसतो आणि सकाळी तसाच टेम्पोवर जातो. दोघांपैकी कुणाचं काय होईल, या काळजीनं माझा जीव थाऱ्यावर नाही.

सगळं करून बघितलं. मेंढरांवाचून करमत नसेल म्हणून दादानं चार मेंढ्या आणून बांधल्या. आईनं त्यांना चारलं, त्यांच्याशी बोलली, आणि परत बोचक्यावर. डॉक्टर म्हणाले, वय झालं, विसरायला होतं. विसरतेच ती, नातवंडांची नावं चुकतात. पण तुमच्या चिंचेखालच्या वावराचं नाव काढ, आपला मेंढरांचा वाडा कुठं बसायचा, त्याभोवती वाघूरीची जाळी कुठून कुठं लावायचो, घोडं कुठं बांधायचं, सगळं घडाघडा सांगते.

तुला आठवतं का गं ते? दिवाळी झाली की आम्ही यायचो. सामानाचं घोडं पुढं, मेंढरं मागं, आणि सगळ्यात मागं कोकरं पोटाशी धरून मी, शेंबडी. मेंढरांच्या लेंडीखतासाठी रान तुम्हीच आम्हाला बोलावून दिलेलं असायचं, पण आई बांधावरच थांबायची. बिऱ्हाड खाली उतरू द्यायची नाही. मग तुझी आई यायची, आमची सरूबाई. चप्पल बांधावर काढून सगळं वावर फिरायची, एका ठिकाणी टाच दाबायची आणि आईला म्हणायची, "तुके, हितं बस." तेव्हा कुठं आई चुलीचे तीन दगड मांडायची. एकदा सरूबाई तापानं आजारी होती, तर आम्ही दिवस मावळेपर्यंत उपाशी बांधावर. शेवटी ती घोंगडी पांघरून, तुझा हात धरून आली आणि आईलाच रागावली, "येडी का काय तू, पोरं भुकेली ठेवलीस!" पण टाच दाबल्याशिवाय तीही परत गेली नाही. आपण दोघी हसून हसून लोळलो होतो. आता वाटतं, त्यात हसण्यासारखं काय होतं.

दादाची लेक दिशा मंचरला कॉलेजात भूगोल शिकते. परवा मोठ्यानं वाचत होती की, जमीन ही नुसती जमीन असते, माणसानं तिथं जीव लावला, आठवणी ठेवल्या, की मग तिची जागा होते. मी म्हटलं, बये, हे तुझ्या आज्जीला जाऊन सांग. मी चिडून म्हटलं होतं, पण पोर खरंच उठून अंगणात गेली. आज्जीच्या मांडीला मांडी लावून बसली आणि विचारलं, घरात का येत नाहीस? इतके दिवस आम्ही कुणी असं सरळ विचारलंच नव्हतं, नुसतं "चल आत, चल आत" करत होतो. आई म्हणाली, "आगं, जागा कुणी दावली? मालकीण आली न्हाई अजून. न इचारता कसं बसायचं?" दादा म्हणाला, "आये, मालकीण तूच हाईस." तर ती हसली. "आपलं आपल्याला कोण दावतंय व्हय? सरूबाई येईल की."

सरूबाई गेल्याचं मी तिला सांगितलंय, आरती. ती ऊर बडवून रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्याकडं डोळे लावून बसली. परत सांगायची माझी छाती झाली नाही.

तुझ्या आईच्या दशक्रियेनंतर तू अवसरीत पाय ठेवला नाहीस. तुझे भरतभाऊ सांगत होते, आई नाही तर तिथं माझं काय राहिलंय, असं म्हणतेस. मला समजतं ते. त्या चिंचेजवळून जाताना मीही मान वळवून घेते. पण तुझ्या आईचं एक काम मागं राहिलंय, आणि ते माझ्यानं होत नाही, दादाच्यानं होत नाही. म्हणून हे पत्र. तू ये. आमच्या कुंपणाशी चप्पल काढ, तुझी आई फिरायची तशी अंगणभर फीर, आणि मग आत, पडवीच्या भिंतीलगत टाच दाबून म्हण, "तुके, हितं बस." तिनं तुला सरूबाई म्हणून हाक मारली तर मारू दे, खोडू नकोस. रडू आलं तर रड, मी आहे. चुलीचे तीन दगड भरतभाऊंना विचारून तुमच्याच बांधावरून आणून ठेवलेत. तू टाच ठेवशील तिथंच मांडीन.

वाट बघत कुंपणाशी उभी असलेली,
तुझीच
जया