अकोल्याला तुम्ही कशाला आला होता

काकाजी, तुमच्यावर मी पहिल्या दिवसापासून संशय घेतला. त्यात माझ्या कामाचाही हात होता. तेव्हा मी अमरावतीला कापसाच्या अडत्याकडे कारकून होतो. अमेरिकेतली लढाई चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला मिळेनासा झाला होता आणि आपल्या वऱ्हाडी कापसाचा भाव असा चढला होता की सकाळी ठरलेला सौदा दुपारी कुणी मानत नसे. भावाबरोबर लबाडीही चढली. बैलाच्या बंडीत वर पांढराशुभ्र कापूस असायचा, खाली ओला, आणि मधे सरकी नाहीतर चक्क माती. कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळातला मूठभर कापूस काढायचा आणि नाकाला लावून पाहायचा, हे माझं काम. दिवसभर हेच केलं की माणसांच्या बाबतीतही तीच खोड लागते. कुणी गोड बोललं की मी मनातल्या मनात बाह्या सारायला लागायचो.

मला वकील व्हायचं होतं. परीक्षा देऊन सनद घेतल्याशिवाय कचेरीत उभं राहता येणार नाही, असा सरकारचा नवा नियम निघाला होता. कायद्यांची मराठी भाषांतरं मिळवून मी गाठींच्या आडोशाला बसून कलमं घोकत असे. बंड्या आल्या की पुस्तक धोतराच्या घोळात, बंड्या गेल्या की पुन्हा हातात. शेटजींना कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी घरची वाट दाखवली असती. पण पाहिलं तुम्ही. शेटजींच्या दाव्याच्या कामासाठी तुम्ही पेढीवर आला होता, निजामाच्या मोगलाईपासून वकिली केलेले, ज्यांचं नाव कचेरीत आदरानं घेतात असे तुम्ही, आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिलात.

"पाठ तं होऊन राहिलं, पन समजते काय?"

"थोडं थोडं, काकाजी."

"मंग येत जाय सकाळी माह्या घरी. पेढी उघडाच्या आंधी."

"फी काय द्या लागंन?"

"काही नाही," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे न पाहता चालू लागलात.

ते 'काही नाही' मला दिवसभर टोचत राहिलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या मापाड्याला मी सांगितलं, तर तो काटा सोडून हसायला लागला. "फुकट कोन शिकवते बे? तुले सनद भेटली तं त्याचेच पक्षकार तुटतीन. तो तुले मुद्दाम वाकडं शिकवंन, पाह्यजो."

तरी मी आलो. तुमच्या ओसरीवर सतरंजी, समोर तुम्ही, आत काकूंच्या भाकरी थापण्याचा आवाज. तुम्ही म्हणता, वाच. मी वाचतो. तुम्ही म्हणता, आता फोडून सांग. मी सांगतो. तुम्ही डोळे मिटून ऐकता आणि मधेच विचारता, "असं काहून?" मी त्याचंही उत्तर देतो, आणि तुम्ही मान हलवता. बस, एवढंच. तुम्ही स्वतः काही सांगतच नाही. मुदतीच्या कायद्यावर जे परवा विचारलं तेच आज पुन्हा विचारता. पेढीकडे जाताना मी विचार करतो, हा माणूस मला शिकवतो आहे की मला कुठवर येतं याचा अंदाज घेतो आहे? स्वतःजवळचं एक अक्षर तो सुटू का देत नाही?

मग मी एक डाव टाकला. दाव्याची मुदत कधीपासून धरायची ते मला चांगलं ठाऊक होतं, पण एका सकाळी मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. तुम्ही डोळे मिटूनच होता. मान हलवलीत. "बरोबर," म्हणालात. मापाडी खरं बोलला होता, असं मी धरून चाललो. तेवढ्यात काकू चुलीपासून म्हणाल्या, "अरे, काल तं तू दुसरंच सांगतलं होतं!" तुम्ही डोळे उघडलेत. चेहरा उतरला होता. पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा मी पेढीवर रोज पाहत होतो, तुमचा मला तसाच दिसला. मी पुस्तक मिटलं, काकूंनी पुढे केलेली भाकर आणि जवसाची चटणी तशीच ठेवली आणि निघालो. नंतर तुमच्या घराकडे फिरकलो नाही.

परीक्षा अकोल्याला होती. आजारी मावशीचं निमित्त सांगून मी रजा काढली आणि मुक्काम करत बंडीनं गेलो. बडनेऱ्यापुढे आगगाडीच्या रस्त्यासाठी मातीचा भराव पडत होता, त्या धुळीतून कलमं पुटपुटत गेलो. कचेरीच्या पडवीत आम्हा उमेदवारांना बसवलं आणि पाहतो तर खांबाजवळ तुम्ही, पगडी घालून, ताठ. मला वाटलं, तुम्ही परीक्षा घेणाऱ्या साहेबाला माझ्याविरुद्ध काहीतरी सांगायला आलात. पेढीवरून खोटं सांगून आल्याचं तुमच्या कानावर गेलं असेल. मी मान खाली घालून बसलो. शिरस्तेदार प्रश्न वाटत फिरला, आणि त्यानं एक कागद तुमच्याही पुढ्यात ठेवला.

परीक्षा संपल्यावर विहिरीपाशी तुम्हीच बोललात.

"जुन्या वकिलालेही पास व्हा लागते म्हनते आता. नाही तं घरी बसा. माहा सारा जलम मोगलाईच्या रिवाजात गेला, हे नवं कलमाचं मले कुठं येते?"

"मंग मले सांगाचं होतं न, काकाजी."

"काय सांगाचं? का कापसाच्या कारकुनापासून शिकून राहिलो?" तुम्ही हात पुसलेत आणि म्हणालात, "सांगतलं असतं तं तू आला असता काय?"

मी पोहरा विहिरीत सोडला. निकाल लागला, तुम्ही पास झालात, मी नापास. त्यावरही मी आठवडाभर विचार करत होतो की साहेबाची आणि तुमची जुनी ओळख असेल. मग लढाई संपल्याची खबर आली, भाव धाडकन कोसळला, शेटजींनी पेढीला कुलूप लावलं आणि मी घरी बसलो. अशात एका सकाळी तुम्ही माझ्या दारात उभे राहिलात. आत आला नाहीत, पाणी घेतलं नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणालात, "आता येत जाय. आता मले येते."

आणि खरंच येत होतं. तुम्ही बोलायला लागलात की कलमामागचं भांडण दिसायचं, दोन भाऊ, एक बांध, एक खोटा साक्षीदार. दुसऱ्या खेपेला मी पास झालो. माझा पहिला दावा तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐकलात आणि बाहेर आल्यावर फक्त म्हणालात, "आवाज जरा वर पायजे."

आता माझेही केस पिकले. हा कागद कुठे धाडायचा नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून ठेवतो. त्या दिवशी तुम्ही माझ्या दारात का आलात, उपकार फेडायला, दया आली म्हणून, की मी तुम्हाला आवडत होतो, हे तुम्हाला विचारायचं कितीदा ओठांवर आलं. विचारलं नाही. तुम्ही 'आवडत होतास' म्हणाला असता, तर माझा विश्वास बसला नसता.