टिटवी माझीच राहिली

बाबा, टिटवी माझीच राहिली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायला पहिले तुम्हीच आठवलात. टिटवी म्हणजे मी काढलेलं एक पात्र. काटकुळे पाय, गळ्यात उपरणं, काखेत दप्तर. कापसाच्या शेतात फिरत ती मुलांना आकडे शिकवते. मोबाईलवर लहान मुलांचे धडे करणाऱ्या हैदराबादच्या एका स्टुडिओने ती माझ्याकडून काढवून घेतली. तुमच्यामागे मी डिग्री केली, आपल्या घरातली पहिली, आणि आता घरी बसून अशी चित्रांची कामं घेते. आई अजून आपल्या मावला गावातून भाजी घेऊन बाजारात बसते.

टिटवी त्यांना आवडली, मग त्यांनी करार पाठवला. पैसे एकदाच मिळणार आणि टिटवी कायमची त्यांची होणार. उद्या ती दप्तरावर छापतील, तिची खेळणी करतील, तिचे पाय आखूड करतील किंवा ती दुसऱ्या कुणाला विकतील. मला विचारणार नाहीत आणि माझं नावही कुठे येणार नाही. सोबत चित्रं काढणाऱ्या दोघीतिघींना विचारलं, तुम्ही किती घेता, काय लिहून घेता? कुणी सरळ बोलेना. दर सांगायला आम्हाला लाज वाटते, बाबा, जणू काही चोरून आणलंय. इकडे काकांनी कापसाच्या जिनिंग मिलच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. हे काम जमलं नाही, तर चित्रं बंद करून सोमवारपासून तिथे बसायचं, असं घरात ठरलं होतं. चुलीपुढे भाकरी थापताना आई म्हणाली, "सही करून टाक न माय. काऊन ताणून राह्यली? थे दुसरी पाह्यतीन, आन तू बसशीन हात चोळत."

तेव्हा मला हायवेवरच्या इचोडा गावातली ती दुपार दिसू लागली. ढाब्यामागे कडुनिंबाखाली तुमचं ट्रक रंगवायचं काम चालायचं. जुना ट्रक विकत घेतलेला एक माणूस आलाय, त्याला मागच्या फाळक्यावरचा मोर पुसून वाघ पाहिजे. मी आठवीत, घाईची, पांढऱ्या रंगात ब्रश बुडवून मी मोराच्या पिसाऱ्यावर पहिला हात मारणार, तोच तुम्ही म्हणता, "ठेव थो ब्रश खाली." आवाज चढवत नाही, तरी माझे कान तापतात. मग तुम्ही त्या माणसाला सांगता, "हा मोर माहुरच्या पेंटरचा हाये. पह्यले त्याले इचारू." तो हसतो. "गाडी माही, पैसा माहा, त्याले काऊन इचारू?" तुम्ही चिंधीने बोटं पुसत म्हणता, "गाडी तुमचीच हाये न भाऊ. मोर त्याचा हाये." आणि खरंच फोन लावता. पलीकडचा पेंटर म्हणतो, खुशाल पुसा, पण विचारलंत हे बरं केलं. रस्त्यावरचे सगळे पेंटर हे पाळत. कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी स्टुडिओच्या मॅडमना फोन केला. "सबका यही फॉरमॅट है," त्या म्हणाल्या. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, काढायची मजुरी वेगळी आणि वापरायचं भाडं वेगळं. धड्यांत वापरा, त्याचे हे पैसे. दप्तर, खेळणी करायची तर तेव्हा पुन्हा बोलू. खाली माझं नाव येईल, आणि तिच्यात बदल करायचा तर आधी मला विचाराल. त्या म्हणाल्या, "अ‍ॅप तो हमारा है ना?" मी म्हणाले, "ॲप आपका, मॅडम. टिटवी मेरी." मग त्या म्हणाल्या, सरांना विचारून सांगते.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. सगळं मान्य. नावसुद्धा. बाबा, मी अंगणात धावत गेले आणि आईला कोथिंबिरीच्या जुड्यांसकट मिठी मारली. "सोड, माती लागन," ती म्हणाली, पण तिनेही मला सोडलं नाही. आता ती गिऱ्हाइकांना वांगी तोलता तोलता सांगते, "माह्या पोरीची टिटवी हाये मोबाईलात. खाली नाव हाये तिचं, वाचून पाहा." एका बाईने खरंच पाहिलं, तर आईने तिला चार मिरच्या वर टाकल्या. काकांनी जिनिंगवाल्यांना 'नाही' म्हणून कळवलं. आणि नवी कुणी मुलगी दर विचारते, तेव्हा मी तो सरळ सांगते, काय लिहून घ्यायचं तेही सांगते. आम्ही सगळ्यांनी सांगितलं तर कुणालाच गप्प सही करावी लागणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

आई सगळ्यांना सांगते, पोरगी शेवटपर्यंत हटली नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला तेवढं खरं सांगते. त्या सकाळी जिनिंगला जायचा ड्रेस घालून मी मॅडमचा नंबर काढून बसले होते. "तुम्ही म्हणता तशी सही करते," असं त्यांना सांगणार होते. बोट बटणाकडे जात होतं, तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. मी हॅलो म्हणाले आणि त्यांना आधी बोलू दिलं.