मागून येणारी पिवळी जर्सी

पवनार,
गुरुवार

प्रिय आचल,

'प्रिय' लिहिलं आणि बराच वेळ पेन तिथंच टेकवून बसले. खोडणार होते. पण शाळेपासून तुला लिहिलेल्या प्रत्येक चिठ्ठीत हाच शब्द पहिला आला आहे. आता त्याच्या जागी दुसरा शोधत बसले तर पत्र राहूनच जाईल. तेव्हा असू दे.

घरचं आधी सांगते. बाबांनी यंदा विहिरीजवळच्या तुकड्यात वांगी लावली आहेत आणि नाल्याच्या अंगाला मेथी-सांभार. गोपालदादा रोज सकाळी टेम्पोत माल घेऊन वर्ध्याच्या बाजारात जातो. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे, लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बघते आणि सगळ्यांना 'छान दिसते' म्हणते. छायाताईला सध्या एसटीत हिंगणघाटची फेरी मिळाली आहे. वडनेरच्या बायका तिच्या बसची वाट बघतात म्हणे, कारण ती हात दाखवला की गाडी थांबवायला लावते. रीता परीक्षेच्या अभ्यासात आहे, तरी येते. हो, आम्ही तिघी अजून पहाटे सायकली घेऊन धाम नदीच्या पुलावरून निघतो. फक्त चौघींची रांग होती तेव्हा पुढं राहून मागच्यांसाठी वारा अडवायची पाळी उशिरा यायची, आता लगेच येते. तुझ्या नसण्याचा हिशोब मला पायांत कळतो.

तुला आठवतं का, आठवीत आपल्याला शाळेतून एकाच दिवशी सायकली मिळाल्या होत्या? तुझी निळी, माझी लाल, आणि दोन्हींच्या साखळ्या पहिल्याच आठवड्यात उतरायला लागल्या. तूच म्हणालीस, वर्ध्याची बस आपल्या मागे राहिली पाहिजे. बस थांब्यावर थांबायची तेव्हा आपण पुढं निघायचो, ती गाठायची, पुढच्या थांब्यावर आपण पुन्हा पुढं. कॉलेजात गेलो तरी तो खेळ सुटला नव्हता, आणि एक दिवस त्या बसच्या दारातून खाकी कपड्यातली कंडक्टर बाई ओरडली, "पोरीहो, थांबा जरा! कोणाच्या व्हय तुमी?" आपल्याला वाटलं, आता ही घरी सांगणार. तर ती छायाताई निघाली, स्वतः शर्यती केलेली, आणि लग्नानंतर सायकल माळ्यावर टाकलेली. त्या दिवशी आपला संघ झाला. रीता नंतर आली. 'धामकाठ' हे नाव तुझं. हळदीसारख्या पिवळ्या जर्सीचा हट्टही तुझाच, लांबून ओळखू यायला पाहिजे म्हणून.

आणि बाबा. मी गुडघ्याच्या वर कपडे घालून रस्त्यावर सायकल चालवणार म्हटल्यावर त्यांनी जेवण सोडलं होतं. माझी तर त्यांच्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती. तू आलीस, ओट्यावर बसलीस आणि म्हणालीस, "काकाजी, धोतर नेसून कोणी विहिरीत पोहते काय?" बाबा आधी रागावले, मग हसले, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. माझ्यासाठी हे दार तू उघडलंस. ते मी विसरले असते तर मला हे सगळं सोपं गेलं असतं.

आता कारंजाच्या शर्यतींबद्दल लिहिते. त्यावर आपण एकदाही बोललो नाही.

शनिवारची शर्यत आठव. चौघींनी मिळून वेळ लावून सायकल हाणायची, आणि तिसरी जी पोहोचेल तिची वेळ संघाची. जी पोहोचणार नाही तिला रविवारी सुरुवातीच्या रेषेवर उभं राहता येणार नाही, हा नियम तिथल्या माणसानं दोनदा वाचून दाखवला होता. संत्र्याच्या बागा मागे पडल्या, आपली लय लागली होती, छायाताई पुढं होती, आणि तुझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. आम्ही तिघी तशाच निघून गेलो असतो तरी संघ पोहोचलाच असता. पण छायाताईनं ब्रेक लावला. मी काही विचारायच्या आत ती खाली उतरून स्वतःचं मागचं चाक काढत होती. "घे, माहं लाव. उद्या तू पायजे आपल्याले, मी नसली तरी चालते." तू नाही म्हणाली नाहीस. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, घाई होती. त्या एका शर्यतीसाठी तिनं दिवाळीच्या सुट्ट्या न घेता साठवल्या होत्या, पोरांना जाऊबाईंकडं ठेवलं होतं. आपण पोहोचून पाणी पीत होतो तेव्हा ती एका ट्रकच्या केबिनमधून उतरली, खांद्यावर सायकल, तोंडभर धूळ, आणि म्हणाली, "आज पयल्यांदा मीच बिनतिकीट आली!" आपण सगळ्या किती हसलो. तूही हसलीस.

संध्याकाळी हायवेच्या ढाब्यावर शेवभाजी खाताना रविवारचं ठरलं. मी घोळक्यात शेवटच्या झपाट्यात कधीच जिंकणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मला एकटीनंच आधी निसटायला हवं होतं. कुठं, ते तू सांगितलंस. चढावर नको, चढ संपून सगळ्या श्वास घेतात तिथं, उताराच्या तोंडाशी. मी निसटले की तू आणि रीतानं घोळक्याच्या पुढं राहून त्याचा वेग कमी करायचा. नागपूरच्या त्या क्लबची भावना झपाट्यात सगळ्यांत जोरदार, तिला मागेच अडकवून ठेवायचं. पहिली येणारी नाशिकला राज्याच्या शर्यतीत जाणार होती. मी आयुष्यात काहीच जिंकलेलं नव्हतं, लिंबू-चमचासुद्धा नाही. तू माझ्या ताटात तुझी अर्धी रोटी टाकलीस आणि म्हणालीस, "उद्या तुहाच दिवस हाय, अंकू."

रविवारी मी तू सांगितलंस तिथंच निसटले. मागे बघितलं तर कोणी नव्हतं. उतार संपला, कापसाची शेतं लागली, वेचणाऱ्या बायका कमरेवर हात ठेवून बघत होत्या, एकीनं ओढणी हलवली. माझ्या कानात फक्त वारा आणि माझा श्वास. पहिल्यांदाच पुढचा अख्खा रस्ता माझा एकटीचा होता. एका वळणावर छायाताई पाण्याची बाटली घेऊन उभी होती, ती माझ्याबरोबर पळत सुटली, "जाय पोरी, जाय! लय मागं हाय त्या!" मी बाटली घेतली आणि रडूच आलं, आचल. आनंदानं.

मग पुढच्या मोटारसायकलवरचा माणूस हातानं खुणा करायला लागला, मागून येत आहेत म्हणून. मी वळून बघितलं. लांबवर एक पिवळी जर्सी दिसली. आपली जर्सी, आणि डावा खांदा खाली टाकून बसायची तुझी ती सवय. तुला माहीत आहे मला काय वाटलं? मला वाटलं, आचल निसटली. माझी दमछाक तिला कळली आणि ती मला सोबत करायला एकटी येते आहे. आता दोघी मिळून वारा वाटून घेऊ आणि दोघीच पोहोचू. मी पाय सैल सोडले. तू लवकर गाठावंस म्हणून मी थांबले, आचल. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, छायाताईलाही नाही.

तू जवळ आलीस तेव्हा तुझ्या चाकाला चिकटून भावना दिसली, आणि तिच्यामागे सगळा घोळका. माझ्या शेजारून जाताना तू समोर बघत होतीस. मी तुझं नाव घेऊन हाक मारली. शेवटच्या सरळ रस्त्यावर तू बाजूला झालीस, भावना तुझ्या आडून सुटली आणि जिंकली. मी कितवी आले ते मी विचारलंही नाही. मागे काय झालं ते रीतानं सांगितलं. भावनाच्या क्लबच्या पोरी थकल्या होत्या, मला गाठायला कोणी पुढं येईना, तेव्हा तू पुढं आलीस आणि सगळ्या घोळक्याला तुझ्या मागे ओढायला लागलीस. रीता तुझ्या बाजूला येऊन ओरडली, "अंकिता हाय ना वं समोर! काऊन ओढून राह्यली?" तू आणखी जोर केलास. रीता एवढीशी पोर, ती तुझ्यासमोर आडवी गेली, तर तू तिला कोपरानं ढकललंस.

दादाच्या टेम्पोजवळ तू आलीस तेव्हा त्या क्लबचा टॉवेल तुझ्या गळ्यात होता. तू म्हणालीस, "त्यायनं सांगतलं होतं, संघात यायचं असन तं आजच दाखव म्हणून. मी काय करू मंग?"  छायाताईनं तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "सायकली टाक वं अंकिता गाडीत," ती म्हणाली, "उद्या सकाळची ड्युटी हाय मले."  पवनारच्या वाटेवर दादानं गाणी लावली आणि स्वतःच बंद केली.

इतकंच असतं तरी मी कदाचित गिळलं असतं. मोठ्या संघात जायचं कुणाला नको असतं? तू मला सांगितलं असतंस, तर मी स्वतः तुला म्हटलं असतं, जा. शर्यतीत माणसाला एका क्षणी मोह झाला, पाय आपोआप चालले, असं मी स्वतःला समजावत होते. पण पंधरवड्यानं रीताला भावना भेटली आणि सहज बोलून गेली. कारंजाच्या कितीतरी आधी, तू चुलतबहिणीच्या डोहाळजेवणाला म्हणून नागपूरला गेली होतीस ना, त्या दिवशी तू त्यांच्याबरोबर सराव केलास. बोलणं तेव्हाच झालं होतं. म्हणजे मी कुठं निसटायचं ते सांगताना तुला माहीत होतं. रोटी अर्धी करताना माहीत होतं. आणि भर उन्हात ती बाई रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून तुझ्यासाठी स्वतःचं चाक काढत होती, तेव्हा तू उभी राहून बघत होतीस, आणि तुला माहीत होतं. मी माझी हार विसरेन. हे कसं विसरू, ते मला अजून सापडलेलं नाही. छायाताईला मी हे सांगितलं नाही. तिला अजून वाटतं, पोरीचा ऐन वेळी तोल गेला.

मग हे पत्र का, असं तुला वाटत असेल. काल तुझी आई आली होती. प्रमिलाकाकू ओसरीवर बसली, पदरातनं बोरं काढून ठेवली, आणि बराच वेळ माझ्या आईशी तुरीबद्दल बोलत राहिली. आई आत गेल्यावर तिनं माझा हात धरला. तू सरावात पडलीस, गळ्याजवळचं हाड मोडलं, क्लबनं तुझ्या जागी दुसरी पोर घेतली, खोली सोडायला लावली, आणि तू मावशीकडं भिंतीकडं तोंड करून पडून असतेस, हे सगळं मला तिच्याकडून कळलं. घरी चल म्हटलं की म्हणतेस, कोणत्या तोंडानं येऊ. काकूला वाटतं, तुला हरल्याची लाज वाटते. ती मला म्हणाली, "तू तिची जिवाची मैत्रीण. माहं ऐकत नाई, तू लिहून पाह्य ना." आचल, तिला काहीच माहीत नाही, आणि मी सांगितलं नाही, सांगणारही नाही. फोन करणार होते, मी ब्लॉक केलेला तुझा नंबर सुरूही केला, पण माझ्या तोंडून काय निघालं असतं त्याचा भरवसा नव्हता. म्हणून लिहिलं. रविवारी काकू तुला घ्यायला येते आहे, हे पत्र तिच्याच हाती देते. तिच्याबरोबर निघ. मी तुला माफ केलेलं नाही, आणि कधी करेन ते मला ठाऊक नाही. पण तुझा एक हात गळ्यात आहे आणि काकूचे गुडघे दुखतात, म्हणून पवनारच्या थांब्यावर पिशव्या उतरवून घ्यायला मी उभी असेन. घरापर्यंत सोबत येईन. वाटेत कारंजाचं नाव काढू नकोस. ते मी काढेन, माझ्यानं होईल तेव्हा, आणि त्या वेळी तू खरं बोल.

अजून रागातच, तरी तुझीच,
अंकिता