पेशी अर्धलीनं

९ जानेवारी

तिसावी पिढी! अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

गालाच्या गाठीतून काढलेल्या पेशी फ्लास्कमध्ये तीस पिढ्या जगल्या. याआधीच्या सगळ्या नमुन्यांनी पाचव्या-सहाव्या पिढीलाच मान टाकली होती. नऊ महिने दर दोन दिवसांनी त्यांचं गुलाबी खाद्य बदलतेय मी. ईदलासुद्धा शीरखुर्मा अर्धा टाकून लॅबमध्ये पळाले होते. सरांनी मायक्रोस्कोपमधून पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. म्हणाले, "नसरीन, या आता मरत नाहीत."

आपल्याकडच्या तंबाखूच्या कॅन्सरवरची औषधं आता आपल्याच माणसांच्या पेशींवर तपासता येतील. पुण्याची एक औषध कंपनी कधीची मागे लागलीय. २० तारखेला पेशींच्या कुप्या पाठवायच्या.

घरी, उस्मानपुऱ्यापर्यंत, रिक्षात एकटीच हसत होते. अम्मी म्हणाली, "क्या हुआ, रिश्ता आया क्या?" म्हटलं, त्याहून भारी.

१० जानेवारी

पाठवणीसाठी फाईल काढली. पेशंट गयाबाई, वय ५२, पाचोडजवळची वस्ती. मेंढरांवाले लोक. संमतीपत्र आहे. अंगठा आहे. अंगठ्याखाली नाव दिराचं.

साक्षीदार म्हणून सही माझी.

सगळं आठवलं. वॉर्डात गेले होते, कागद काढला, आणि नेहमीसारखं विचारलं, "नातेवाईक कोण आहे?" नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला, म्हणून दीर पुढे आला. शाईचा पॅड मीच धरला. गयाबाई माझ्यापासून दोन हातांवर, पलंगावर बसली होती, शुद्धीत, चहा पीत. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. ऑपरेशनचा कागद असो की कसलाही, आपल्याकडे बाईच्या वतीने घरचा पुरुष अंगठा देतो, आणि आपण त्याला संमती म्हणतो. मी एवढी शिकलेली, माझ्याही डोक्यात आलं नाही. लाज वाटतेय, खरंच.

सरांना सांगितलं. "नातेवाइकाची सही आहे ना? सगळीकडे असंच चालतं."

"म्हणून काय बरोबर आहे का, सर?"

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर टाकून द्यायच्या."

तोंडातून निघून गेलं. नऊ महिने. सरांनी फाईल मिटून माझ्या हातात दिली. म्हणाले, "जा, विचारून ये."

१२ जानेवारी

पाचोड. आठवडी बाजार. गयाबाई बकऱ्यांच्या बाजूला दिराबरोबर उभी होती. गालावर व्रण, बोलताना तोंड जरा एका बाजूला जातं, पण आवाज ठणठणीत.

मी उत्साहात माती खाल्ली. म्हटलं, "मावशी, तुमची ती गाठ अजून वाढतेय."

बाई मटकन खालीच बसली. "म्हंजी रोग जित्ता हाय?"

अर्धा तास गेला समजवण्यात. तुमच्या अंगात काही नाही मावशी, तुम्ही बऱ्या आहात, ती बाटलीत आहे, आम्ही तिला खाऊ घालतो. पाणी पाजलं, माफी मागितली. ती सावरली, मग चिडली, मग तिला राहवेना.

"रोगाला खाऊ घालता? कशापायी?"

औषध कशावर चालतं ते बघायला, म्हटलं.

दीर मध्ये पडला. "मी अंगठा देला की. आता परत कशाला?"

"भावजी, गाठ तुमच्या गालात व्हती का?"

तो बकऱ्यांकडे वळला. मला तिथल्या तिथं तिला मिठी मारावीशी वाटली. निघताना म्हणाली, "मला दाव. बघितल्याबिगर मी व्हय बी म्हननार नाय, नाय बी म्हननार नाय."

१६ जानेवारी

आली! एकटी, एसटीने, नवं लुगडं नेसून. पांढरा कोट आणि टोपी घातली तर आरशात बघून आधी हसून घेतलं. मग डोळा लावला मायक्रोस्कोपला. किती तरी वेळ हललीच नाही.

"ह्या मपल्या?"

"तुमच्याच."

"दिसाया तर बऱ्या हायेत." आणि मग, "त्यांला दुखतं का?"

नाही म्हटलं. तिने परत डोळा लावला. फ्लास्क हातात घेऊन सगळीकडून फिरवला. "मपली खूण कुठंय ह्याच्यावर?" मी आकडा दाखवला, स-१७. तिला पटलं नाही. मेंढराच्या कानाला कापून खूण करतात, कळपात हजार असली तरी आपलं ओळखू येतं, हे तिने मला नीट समजावलं. म्हणजे त्या खोलीत मी शिकत होते आणि ती शिकवत होती.

सर आले. त्यांनी सांगितलं, चांगलं सांगितलं, की यातून पुढे किती माणसांचा फायदा होईल. तिने सगळं ऐकलं.

"फायदा व्हऊ द्या, सायेब. आमी मेंढी अर्धलीनं देतो. पाळनारा पाळतो, चारतो, निम्मी कोकरं त्याची. पन मेंढी मालकाचीच ऱ्हाती. इकायची म्हनलं तर मालकाला इचारावं लागतं. नीट पाळली नाय तर मालक वापस घिऊन जातो. तुमी पाळल्या, लई चांगल्या पाळल्या. पन मला न इचारता पुण्याला धाडीत व्हता व्हय?"

सरांनी स्वतः तिच्यासाठी खुर्ची ओढली. मी त्यांना दहा वर्षांत पहिल्यांदा तसं पाहिलं.

मग नवं संमतीपत्र. या वेळी मी एकेक ओळ वाचली, अर्थ सांगितला. ती प्रत्येक ओळीला व्हय म्हणत गेली. औषधं तपासायला, व्हय. नाव गुप्त ठेवायला, "कशाला, मपलं नाव काय वंगाळ हाय?", पण बरं, व्हय. शेवटची ओळ: 'दिलेल्या नमुन्यावर माझा कोणताही हक्क राहणार नाही.'

"ही काढा."

"छापील आहे मावशी. कमिटीने मंजूर केलेली. आम्हाला काढता येत नाही."

"मंग अंगठा बी नाय."

गेली. चारची एसटी होती. मी दारात उभी. पेशी जातील म्हणून रडू येत होतं, आणि त्याच वेळी आत कुठेतरी फटाके फुटत होते. असं कुणी म्हटलंच नव्हतं आजवर आमच्याकडे.

१८ जानेवारी

सरांनी पुण्याची पाठवणी थांबवली. फोनवर कंपनीचा माणूस एवढ्या मोठ्याने बोलत होता की मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होतं. सरांनी संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला पत्र लिहिलं: शेवटची ओळ बदलावी, पेशी कुणालाही देण्याआधी पेशंटला विचारावं, तिला त्या कधीही परत मागता याव्यात. शब्द सरांचे, म्हणणं गयाबाईचं. टाईप मी केलं, तीनदा चुकले, इतकी घाई.

मला वेगळं बोलावून म्हणाले, "कमिटीने नाही म्हटलं तर तिचा नकार आहे असंच धरायचं. फ्लास्क, टाकीत गोठवलेल्या कुप्या, सगळं ब्लीचमध्ये. तुझ्या हाताने. जमेल?"

हो म्हटलं. जमेल की नाही माहीत नाही.

२३ जानेवारी

कमिटीची बैठक. गयाबाईलाही बोलावलं होतं. मी गयाबाईचं म्हणणं कागदावर लिहून नेलं होतं. तिने तो कागद घेतला, घडी घालून कमरेला खोचला. "मपलं मीच बोलते."

दार बंद झालं. मी बाहेर. पाऊण तास. आतून एकदा हसण्याचा आवाज आला.

बाहेर आली तेव्हा पहिल्यांदा पाणी मागितलं. मग सांगितलं. निम्मे लोक तिच्या बाजूने, निम्मे म्हणतात एकीला दिलं तर उद्या सगळेच मागतील. ती त्यांना म्हणाली, "मागू द्या की." ठरलं नाही. पुढच्या बैठकीत बघू म्हणाले. मग अध्यक्षबाईंनी तिला विचारलं, तोवर पेशींचं काय करायचं?

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, मारू नगा. कुनाला देऊ बी नगा. त्या पोरीला सांगते, तवर तीच खाऊ घालील."

दुपारी खाद्य बदललं. रजिस्टरमध्ये 'कोणाच्या सांगण्यावरून' असा रकाना आहे. नऊ महिने तिथं सरांचं नाव लिहीत आले. आज लिहिलं, गयाबाई. सरांनी येऊन पाहिलं, पेन काढलं आणि काही न खोडता परत खिशात ठेवलं.

कमिटी पुढच्या महिन्यात बसेल. पेशी आज फार छान दिसत होत्या.